भिंतीच्या आतले, भिंतीच्या बाहेरचे

2005 सालच्या पावसाळ्यात दोन शहरं एका महिन्याच्या अंतराने बुडाली. 26 जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईपासून आपल्या कल्याण-आंबिवलीपर्यंत सगळीकडे हाहाकार झाला. 29 ऑगस्टला अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सवर कॅटरिना वादळ आलं, बांध फुटले आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला.

त्या शहराने पुढे काय केलं ते मुलांना सांगण्यासारखं आहे. चौदा अब्ज डॉलरहून जास्त खर्च करून नवे बांध, लोखंडी दरवाजे आणि पंप उभे केले. त्यातली एक भिंत तर जवळजवळ तीन किलोमीटर लांब. वादळाची खबर आली की दरवाजे बंद. सोळा वर्षांनी, 2021 मध्ये, नेमक्या त्याच तारखेला आयडा नावाचं वादळ आलं. या वेळी बांध टिकले, शहर बुडालं नाही. पण या बंदोबस्ताच्या बाहेर, थोड्या अंतरावर, ला प्लेस नावाची वस्ती आहे. तिथल्या घराघरांत पाणी शिरलं, लोक छपरावर चढले. त्यांच्यासाठीचा बांध अजून पुरा व्हायचा होता.

मुंबईला समुद्रात भिंत का बांधत नाहीत, असं कुणी विचारलं की मला न्यू ऑर्लिन्सपेक्षा ला प्लेस आधी आठवतं. आपण आंबिवलीवाले त्यांच्या जागी आहोत.

आपल्याकडे पाणी येतं ते मुळात पाठीमागून. उल्हास नदी खंडाळ्याच्या डोंगरातून उतरते, कर्जत, नेरळ, बदलापूर करत आपल्याकडे येते. दुसऱ्या अंगाला काळू. ही सगळी घाटातली पावसाळी नद्यांची धाव. 2019 मध्ये 27 जुलैच्या पहाटे महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे पाण्यात उभी राहिली आणि हजारभर प्रवाशांना होड्यांनी बाहेर काढावं लागलं, ते हेच पाणी. समुद्राची एक लाटही तिथे आलेली नव्हती. पण समुद्र त्यात नव्हता असंही नाही. कल्याणची खाडी भरतीच्या वेळी चढते. वरून नदी उतरते आहे, खालून भरती चढते आहे, अशा वेळी पाणी पुढे सरकत नाही, आडवं पसरतं. 26 जुलैलाही दुपारी साडेचार मीटरच्या आसपासची भरती होती.

आता समजा, खाडीच्या तोंडाशी मोठं फाटक बसवलं. वादळात समुद्र बाहेर राहील हे खरं. पण वादळ पाऊसही घेऊन येतं. मग उल्हास आणि काळूचं पाणी कुठे जाईल? फाटक बंद असेपर्यंत ते आतच साठणार, आणि ज्याची घरं सखल, त्याच्या दारात आधी साठणार.

यावरचा उपाय म्हणजे पंप. मुंबईने तो केला आहे. तिथल्या पावसाळी गटारांची बहुतेक तोंडं भरतीच्या पातळीखाली आहेत. भरतीला दरवाजे लावायचे आणि आतलं पाणी उपसून बाहेर फेकायचं, यासाठी हाजी अली, इर्ला अशा ठिकाणी केंद्रं उभारली. हाजी अलीच्या एकेका पंपाची ताकद सेकंदाला सहा हजार लिटर, असे सहा पंप. म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या छत्तीस टाक्या एका सेकंदात रिकाम्या. ऐकून छाती दडपते. आता वहीवर दुसरं गणित मांडा. एक चौरस किलोमीटर जागेवर 944 मिलिमीटर पाऊस म्हणजे 94 कोटी लिटरहून जास्त पाणी. सगळे सहा पंप न थांबता चालले तरी तेवढ्यालाच सव्वासात तास लागतील, आणि एका केंद्राच्या वाट्याला एकच चौरस किलोमीटर येत नाही. पंप निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. नेहमीच्या जोरदार पावसात ते रस्ता लवकर मोकळा करतात. हिंदमाताला आता जमिनीखाली टाक्या बांधून पाण्याला थांबायला जागा दिली, तेही मला पटलेलं काम आहे. पण पंप असला की निश्चिंत, हा समज घातक.

आमची नानी श्रीवर्धनकडची. कोकणातल्या वाचकांना खारबंदिस्ती माहीत असेलच. खाडीकाठच्या भातशेतीला मातीदगडाचा लांब बांध, आणि त्यात ठरावीक जागी उघाडी. उघाडी म्हणजे वरून टांगलेली लाकडी झडप. भरतीचं पाणी बाहेरून ढकलतं, झडप घट्ट बसते. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी तिला बाहेर लोटतं आणि निघून जातं. वीज नको, इंजिन नको. हाजी अलीच्या दरवाजांमागची अक्कल तीच, फक्त मोठी. 1948 साली मुंबई प्रांताने खारजमिनींसाठी कायदाही केला. तरी बांधाचं खरं आयुष्य कागदावर नव्हतं. खेकड्याने बीळ केलं, कुणी दुर्लक्ष केलं, की उधाणाच्या भरतीला खांड पडायची आणि खारं पाणी शेतात. मग भात कितीतरी वर्षं विसरायचं. म्हणून पावसाळ्याआधी घरटी एक माणूस बांधावर जाई. नानी सांगायची, त्या कामाला दांडी मारणाऱ्याच्या घरच्या लग्नालाही लोक उशिरा जायचे.

बांधाच्या बाहेर तिवरं असत. त्यांच्या मुळांत लाटेचा जोर मोडतो, माती धरून राहते. कांदळवन तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्येच मनाई केली. भरणी टाकून ते बुजवण्याचा उद्योग कुठे कुठे चालतो, हे लोकलच्या खिडकीतूनही दिसतं.

वादळं तर आता आपल्याही ओळखीची झाली आहेत. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपवल्या. पुढच्या वर्षी तौक्ते आलं, 17 मे रोजी, ईदनंतर तीन दिवसांनी. ते मुंबईच्या बाजूने समुद्रातूनच गुजरातकडे गेलं, तरी कुलाब्याला वारा तासाला शंभर किलोमीटरच्या वर वाहिला. वादळ समुद्राला फुगवतं, आणि ती फुगवण त्या वेळच्या भरतीवर चढते. आपल्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत चार मीटरचा फरक पडतो. म्हणजे तेच वादळ ओहोटीला धडकलं तर निभावेल, सहा तासांनी धडकलं तर नाही. एवढ्याशा फरकावर शहर सोडता येत नाही, म्हणून किनाऱ्यावर बंदोबस्त हवाच. माझी हरकत एवढीच, की त्याचा आराखडा करताना कल्याणच्या पुढचे नकाशात असावेत.

तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. मुलाच्या लग्नासाठी, वाढत्या घरासाठी आपल्यातले कितीतरी जण नदीच्या अंगाला स्वस्तात मिळणारी खोली घेतात. दलाल सांगतो, इथे पंचवीस वर्षांतून एकदाच पाणी येतं. पूररेषेच्या नकाशात निळी रेषा असते ती याच पुराची. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेच्या मधे बांधकामाला मनाई असते. पण ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एकदा आला की चोवीस वर्षं सुट्टी, असा नाही. दर वर्षी शंभरात चार, एवढी शक्यता. त्या खोलीत वीस वर्षं राहिलात, तर निदान एकदा पाणी घरात येण्याची शक्यता शंभरात छप्पन. निम्म्याहून जास्त! एवढ्या खात्रीने आपण छत्रीसुद्धा बरोबर घेतो.

तेव्हा बयाणा देण्याआधी दोन रेषा कुठून जातात ते नगररचना कार्यालयात जाऊन बघा. शेजारच्या जुन्या घरात 2005 आणि 2019 चं पाणी भिंतीवर कुठवर होतं, ते घरातल्या बाईला विचारा. तिला बोटाने दाखवता येतं. आणि नकाशा बघायला जाताना शाळकरी मुलगा किंवा मुलगी बरोबर न्या. प्रमाणपट्टी कशी वाचायची, ते त्यांना आम्ही शिकवलेलं असतं.