बोटीवरचा दुसरा आठवडा

आखातात राहणाऱ्या मराठी माणसाच्या वर्षात दोनच ऋतू असतात. एक उन्हाळा आणि दुसरा पाहुणे. नोव्हेंबर लागला, हवा जरा बरी झाली, की पुण्या-मुंबईहून विमानं भरून नातेवाईक यायला लागतात आणि आपण यजमान म्हणून पुन्हा एकदा बुर्ज खलिफाच्या लिफ्टमध्ये उभे राहतो. वाळवंटातली सफारी तर मला आता तोंडपाठ आहे. गाडी कुठल्या टेकाडावर तिरकी होणार, ती झाल्यावर मामी कुठल्या देवाचं नाव घेणार आणि जेवणानंतर तो दिव्यांचा घागरा घालून गरगर फिरणारा तनुरावाला किती वेळ फिरणार, सगळं. पाहुणे तोंडात बोट घालतात आणि मी मोबाईलवर ऑफिसच्या मेल बघतो. दोष त्या तनुरावाल्याचा नाही. तो उत्तमच फिरतो. पण आठव्यांदा?

हा प्रश्न क्रूझच्या बोटींवर फार मोठा होतो, कारण तिथून उठून घरी जाता येत नाही.

दुबईत क्रूझचा धंदा तसा अलीकडचा. पोर्ट रशीदला 2001 मध्ये पहिलं टर्मिनल झालं, 2006-07 च्या हिवाळ्यात कोस्टा कंपनीने दुबईहून नियमित फेऱ्या सुरू केल्या. मग अबू धाबीला झायेद बंदरात 2015 मध्ये टर्मिनल झालं, 2016 च्या डिसेंबरात सर बनी यास बेटावर खास क्रूझवाल्यांसाठी किनारा तयार केला आणि 2021 मध्ये दुबई हार्बरचं नवं टर्मिनल आलं. फेरी साधारण सात रात्रींची. दुबई, अबू धाबी, सर बनी यास, दोहा, बहारीन, कधी मस्कत. बंदरांचा क्रम थोडा इकडेतिकडे, पण वर्तुळ तेच. आखात म्हणजे शेवटी एक मोठं तळंच आहे, जाणार कुठे? त्यात 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात बोटींवर हल्ले सुरू झाले आणि काही कंपन्यांनी आखातातले मोसमच रद्द केले. म्हणजे बोटी कमी आणि वर्तुळ तेच.

या वर्तुळात मी तीनदा फिरलोय. 2019 मध्ये आई-बाबांना घेऊन, 2022 मध्ये सासू-सासऱ्यांना घेऊन आणि 2024 मध्ये भावाच्या कुटुंबाबरोबर. माझी डॉक्टरेट जर्मनीत झाली, त्यामुळे जर्मन कळतं, आणि या बोटींवर जर्मन म्हातारा-म्हातारी भरपूर. दुसऱ्या खेपेला आमच्या शेजारच्या टेबलावर एक जोडपं होतं. ते सलग चार आठवडे त्याच बोटीवर होते. घरी बर्फ, हीटरचं बिल भरमसाट, इथे ऊन आणि आयतं जेवण. मी विचारलं, रोज संध्याकाळी काय करता? म्हातारा शांतपणे म्हणाला, पहिल्या आठवड्यात थिएटर, नंतर पत्ते.

याचं कारण बोटीच्या गणितात आहे. मोठ्या बोटीवर चार-पाच हजार प्रवासी आणि थिएटर हजारेक खुर्च्यांचं. म्हणून एकच खेळ एका संध्याकाळी दोनदा-तीनदा करावा लागतो. खेळ अर्ध्यापाऊण तासाचा, नर्तक-गायकांचा संच काही महिन्यांच्या करारावर, तालमी आधीच जमिनीवर झालेल्या. सात रात्रींसाठी सात खेळ बसवले, की आठव्या रात्री चाक पुन्हा पहिल्यावर येतं. जो एकच आठवडा आला त्याला पत्ताही लागत नाही. जो राहिला त्याला मंगळवारी तोच मंगळवार पुन्हा बघावा लागतो.

इंजिनियरची खोड, म्हणून मी कागदावर मांडून बघितलं. सात रात्रींना आठ खेळ फिरवले तर? दुसऱ्या आठवड्यात एक खेळ नवीन मिळतो, बाकीचे सहा जुनेच, फक्त वार बदललेले. चौदा खेळ ठेवायचे तर नेपथ्य, कपडे आणि तालमी सगळंच दुप्पट. शिवाय आखातात एक वेगळी गंमत आहे. काही कंपन्यांच्या बोटींवर प्रवासी दुबईलाही चढतात, अबू धाबीलाही आणि दोहालाही. म्हणजे बोटीवर 'पहिली रात्र' अशी भानगडच नाही. एकाची पहिली तीच दुसऱ्याची चौथी. त्यामुळे आज नांदी, उद्या भैरवी असं रचता येत नाही. प्रत्येक खेळ सुटा हवा. आणि भाषा? घोषणाच पाच-सहा भाषांत होतात. विनोद करायचा तर कुठल्या भाषेत करणार? मग उरतं काय, तर कोलांट्या, दोरावरच्या उड्या, धूर, दिवे आणि सगळ्यांना माहीत असलेली इंग्रजी गाणी. म्हणजे डोळ्यांना दिपवणारा, कानाला ओळखीचा आणि डोक्याला काहीही काम नसलेला माल.

कंपन्यांना हे कळत नाही असं मुळीच नाही. उपाय मात्र त्या नेहमी एकाच दिशेचा शोधतात: अजून मोठं, अजून चकचकीत. एमएससीने सर्क द्यु सोलेईशी करार करून आपल्या नव्या बोटींवर खास गोल थिएटरं बांधली आणि प्रत्येक बोटीसाठी वेगळे दोन खेळ बसवायचं ठरवलं. 2020 मध्ये कोविड आला, सर्कने दिवाळखोरीपासून संरक्षण मागितलं आणि ते प्रकरण आटोपलं. मग 2021 मध्ये त्यांच्याच व्हर्चुओसा बोटीवर 'रॉब' नावाचा माणसासारखा दिसणारा रोबो बारटेंडर आला. कॉकटेल करतो, आठ भाषा बोलतो, चेहऱ्यावर दिव्यांनी हावभाव आणतो. त्याच हिवाळ्यात ती बोट आखातात आली होती. यंत्रमानव म्हणून मला त्याचं कौतुकच आहे, त्या हाताच्या जोडणीवर मी तासभर बोलू शकेन. पण गल्ल्यावरचा माणूस दुसऱ्या दिवशी 'कालचंच का?' असं विचारतो आणि तिसऱ्या दिवशी न विचारता करून देतो, यात जी मजा आहे ती आठ भाषांत नाही. रॉब पहिल्या संध्याकाळी बघायचा आणि दुसऱ्या संध्याकाळी त्याच्यासमोरून चालत जायचं.

माझं काम धातूंच्या थकव्यावर आहे. थकवा म्हणजे खरंच थकवा, फटीग. एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट व्योलर नावाच्या जर्मन इंजिनियरने रेल्वेचे आस का तुटतात ते शोधताना दाखवलं, की एका झटक्यात जो भार पोलाद सहज पेलतं, तोच पुन्हा पुन्हा दिला की ते तुटतं. भार जितका मोठा, तितक्या कमी फेऱ्यांत. पण भार एका मर्यादेच्या खाली असला, तर पोलाद लाखो फेऱ्या सोसतं आणि काही होत नाही. मला तमाशबीन माणसाचंही तसंच वाटतं. धूर-दिवे-कोलांट्या हा मोठा भार. दोन-तीन फेऱ्यांत मन तुटतं. कोपऱ्यात कोणीतरी पियानो वाजवतंय, हा लहान भार. तो वर्षभर चालेल. (ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नसते, ते कधी ना कधी तुटतंच. तशीही माणसं असतात, त्यांच्यासाठी कसिनो आहे.)

हे उगाच तत्त्वज्ञान नाही. पहिल्या खेपेला बाबांना थिएटर एका रात्रीत पुरे झालं. आवाज फार, आणि त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं. पण पाचव्या मजल्यावरच्या लाउंजमध्ये दोघं वाजवायचे, एकजण व्हायोलिन आणि दुसरा ॲकॉर्डियन. बाबा आयुष्यभर भजनी मंडळात पेटी वाजवत आले. ॲकॉर्डियन म्हणजे पेटीचीच चुलत बहीण, दोन्हींत हवेने थरथरणारी धातूची पट्टीच गाते. दुसऱ्या रात्री बाबा त्याच्याजवळ जाऊन बसले आणि एका नाट्यपदाची चाल गुणगुणले. त्याने दोनदा ऐकली, तिसऱ्यांदा वाजवली. भाषा शून्य. तिसऱ्या रात्री बाबा दारातून आत येताना दिसले आणि त्याने तीच चाल सुरू केली. आई मला म्हणाली, "अरे, हे तर लग्नातल्यासारखे मिरवत निघाले!" उरलेल्या चारही रात्री बाबा आठ वाजताच इस्त्रीचा शर्ट घालून तयार. बाकीचं दुबई त्यांच्या आता फारसं लक्षात नाही, तो वाजवणारा आहे.

सासरेबुवांना घेऊन गेलो, तेव्हा बोट वेगळी होती पण लाउंज तसंच होतं. तिथे भिंतभर स्क्रीन होता आणि त्यावर समुद्राची चित्रं, मागे रेकॉर्ड केलेलं संगीत. खिडकीबाहेर खरा समुद्र होता, पण तो असो.

गंमत म्हणजे हा प्रश्न आखाताने फार पूर्वीच सोडवला होता. जपानी कृत्रिम मोत्यांनी आणि मंदीने 1930 च्या दशकात मोत्यांचा धंदा बसवला, त्याआधी इथली गलबतं दर उन्हाळ्यात जवळजवळ चार महिने मोती काढायला समुद्रात असायची. पाणबुडे आणि त्यांना दोरीने वर खेचणारे, तीच तीच माणसं, तेच जेवण, तोच उकाडा. त्या गलबतांवर 'नह्हाम' नावाचा गवई असायचा. गाणं हेच त्याचं मुख्य काम. नांगर ओढताना एक गाणं, शीड चढवताना दुसरं, वल्ही मारताना तिसरं. तो सुरू करायचा आणि बाकीचे घुमवायचे. बहारीनमधली या परंपरेतली 'फिज्री' 2021 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. चार महिने तेच प्रेक्षक, आणि सुटका कोणाचीच नाही! तरी ते चाललं, कारण ऐकणारा नुसता ऐकत नव्हता, त्याचाही घसा त्यात होता. आणि नह्हाम समोरच्या माणसांचा दम बघून लय वाढवायचा-उतरवायचा.

आपल्याकडे हे सांगायला लागू नये. सिंधुदुर्गात दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं, राजा कोण आणि राक्षस कोण ते ठरलेलं, संवाद मात्र रंगमंचावर उभं राहून बोलायचे. तोच प्रेक्षक या जत्रेतून त्या जत्रेत त्याच कंपनीमागे जातो, कारण काल राक्षसाने राजाला काय सुनावलं ते आज तसंच येणार नाही. 'वस्त्रहरण'चे पाच हजारांवर प्रयोग झाले. मच्छिंद्र कांबळी आज तात्या सरपंचाच्या तोंडात नवीन काय घालतात, हे ऐकायला चार-चारदा गेलेली माणसं मी पाहिली आहेत. गोष्ट तीच, खेळ नवा. आणि खर्च? शून्य. फक्त नटाला मोकळीक द्यावी लागते.

बोटीवर नेमकी तीच नसते. खेळ सेकंदाला बांधलेला, बरंचसं संगीत आधी रेकॉर्ड केलेलं, दिव्यांचे इशारे संगणकात. तीन खेळ एका संध्याकाळी करायचे तर असंच लागणार, हे मला मान्य आहे. आणि बहुतेक प्रवासी पहिल्यांदाच आलेले असतात, जाहिरातीत ॲकॉर्डियन दाखवून तिकीट खपत नाही, हेही खरं. म्हणून थिएटर बंद करा असं मी म्हणत नाही. पण परत येणाऱ्याला चांदीचं-सोन्याचं कार्ड, खोलीत फळांची परडी आणि कॅप्टनबरोबर फोटो द्यायचा आणि संध्याकाळी मात्र तोच मंगळवार, हा कुठला न्याय? दर मोसमाला एखादा नवा झगमगाट आणण्याऐवजी त्या पैशांत चार जास्तीचे वादक ठेवा. दोहाला, मस्कतला एकेका संध्याकाळी औद वाजवणारा बोटीवर बोलवा, बंदर तर रोज नवं आहेच. प्रवाशांना नाच शिकवा, गायला लावा.

याचा जुना पुरावा दुबईतच पोर्ट रशीदला उभा आहे. क्यूई-2 ही बोट 2008 च्या नोव्हेंबरात इथे आली आणि 2018 पासून हॉटेल झाली. तिच्या काळात तिच्यावर महिनोन्महिने राहणारी माणसं होती. एक अमेरिकन आजी तर शेवटची काही वर्षं तिच्यावरच कायम राहिली. त्या बोटीवरच्या करमणुकीत बॉलरूमचा नाच, ब्रिजचे डाव आणि व्याख्यानं यांचा मोठा वाटा होता. एकट्या आलेल्या बायकांबरोबर नाचायला कंपनी सभ्य गृहस्थ नेमायची, त्यांना तेवढंच काम! हसू येतं, पण विचार करा, ब्रिजचा डाव कधी शिळा झालाय?

आमच्या तिसऱ्या खेपेला शेवटच्या दिवशी टॅबलेटवर अभिप्रायाचा फॉर्म आला. थिएटरच्या खेळांना एक ते दहा गुण द्या, प्रत्येक खेळाला वेगळे. स्वच्छतेला, जेवणाला, वायफायला वेगळे. लाउंजमधल्या संगीतासाठी रकानाच नव्हता, ते 'इतर सेवा' मध्ये होतं, लॉन्ड्रीबरोबर. आता गुण मोजणारा जेव्हा वर अहवाल देतो तेव्हा त्यात थिएटरला आठ पूर्णांक काहीतरी दिसतं आणि व्हायोलिनवाला दिसतच नाही. पुढच्या वर्षी पैसे कोणाचे कापणार, याला डॉक्टरेट लागत नाही. मी 'इतर सेवा'ला दहा दिले आणि खाली इंग्रजीत लिहिलं, की हे गुण लॉन्ड्रीचे नाहीत.