कंबरदुखी हा बाईचा भोग नव्हे!

अमरावती-अकोल्याकडच्या कोणत्याही गावात बायकांच्या बैठकीत तब्येतीचा विषय काढा. एक म्हणते, "कंबर दुखते." लगेच दुसरी म्हणते, "बाईच्या जातीला ते असायचंच!" आमचं भांडण या दुसऱ्या वाक्याशी आहे.

कापूस वेचणीची मजुरी किलोवर. दिवसभर वाकून वेचायचं, कमरेची झोळी जड होत जाते. खारपाणपट्ट्यात जमिनीतलं पाणी खारट. जिथे नळयोजना पोचली नाही किंवा बंद पडली, तिथे गोड्या पाण्याचे हंडे लांबून आणायचे ते बाईनेच. स्नायू आणि मणके किती सोसतील? डॉक्टर सांगतात, "वाकू नका, ओझं उचलू नका." बुडालेली मजुरी कोण देणार, ते चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं!

पण प्रत्येक कंबरदुखी कामाचीच असते असंही नाही. कळ पायात उतरत असेल तर मणक्यातली गादी सरकून शीर दबलेली असू शकते. ओटीपोट दुखतं, अंगावरून वास येणारं पांढरं जातं, तर आत जंतुसंसर्ग असू शकतो. अंग बाहेर येत असेल तरी कंबर ओढते. बारीक ताप आणि वजन घटणं ही मणक्याच्या क्षयाची खूण असू शकते. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात. लघवी अडली किंवा जांघेत बधिरपणा आला, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायला हवं. कारणं इतकी, आणि उपाय एकच: सुई टोचा, गोळ्या द्या!

तपासतं कोण? आपल्याच विदर्भात, गडचिरोलीच्या दोन खेड्यांत, डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के!

दुसरं टोक म्हणजे "पिशवीच काढून टाका." बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या अशा शस्त्रक्रियांसाठी २०१९ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पिशवीबरोबर बीजांडंही काढली, तर हाडं अकाली ठिसूळ होतात. म्हणजे कंबरदुखीला आणखी एक कारण!

म्हणून आमचं म्हणणं आहे: प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आडोसा आणि स्त्रियांची नीट तपासणी हवी. वेचणीत मजुरी न कापता विसावा हवा. पाणी दारात हवं. तोवर हंडा उचलायला घरात आणखी दोन हात आहेतच. आणि आपण? सुई घेण्याआधी एवढं विचारू या: "डॉक्टर, दुखण्याचं कारण काय?"