मोडी, बाळबोध आणि खिशांतलें गाणें

गेल्या महिन्यांत आमच्या एका वाचक-भगिनीचें पत्र आलें. त्यांच्या श्वशुरांना येत्या माघांत पंचाहत्तर वर्षें पूर्ण होतात. त्यांना नाट्यगीतांची व कीर्तनाची पूर्वींपासून आवड. घरांत कॅसेटी आणि सीडी पुष्कळ, पण त्या वाजविणारें यंत्र बंद पडलेलें. तेव्हां हें सर्व गायन खिशांत मावेल अशा एखाद्या डिजिटल यंत्रांत भरून श्वशुरांस भेट द्यावें, असा या भगिनींचा मानस आहे, आणि "यंत्र कोणतें घ्यावें व गाणीं कोणत्या फॉर्मॅटमध्यें भरावीं?" असा त्यांनीं आम्हांस प्रश्न केला आहे. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि आयुष्य गेलें मुलांकडून शब्दरूपें घोकून घेण्यांत. यंत्रशास्त्रांत आमचा अधिकार तो काय असणार? तथापि या विषयांत आमच्या हातून एक चूक घडलेली आहे, आणि ठेच लागलेल्या माणसाला वाटेंतला दगड नेमका ठाऊक असतो. म्हणून चार शब्द लिहिण्याचें धाडस करितों.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, प्रश्नाचा क्रम उलटा हवा. आधीं फॉर्मॅट ठरवावा, मग यंत्र. कारण यंत्र हें अल्पायुषी असतें. सन १९९८ मध्यें कोरियांतून एमपी-मॅन नांवाचें खिशांतलें यंत्र निघालें; त्याची स्मृति अवघी ३२ मेगाबाइट, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाचें गायन. पुढें ऑक्टोबर २००१ मध्यें ॲपल कंपनीनें आयपॉड काढिला, त्यांत हजार गाणीं मावत. जगानें तो डोक्यावर घेतला. पण मे २०२२ मध्यें कंपनीनें त्याचें उत्पादन थांबविल्याचें जाहीर केलें. ज्यांनीं आपलीं गाणीं संगणकावरहि नीट जपून ठेविलीं, त्यांचीं गाणीं आज दुसऱ्या यंत्रावर सुखानें वाजत आहेत. ज्यांनीं ठेविलीं नाहींत, त्यांच्या खणांत नुसतें यंत्र उरलें आहे.

आतां फॉर्मॅट म्हणजे काय? फॉर्मॅट म्हणजे ध्वनि लिहून ठेवण्याची लिपि. सन १९८२ मध्यें सीडी बाजारांत आली, तेव्हां असें ठरलें कीं, एका सेकंदांत ध्वनीचीं ४४,१०० मापें घ्यावयाचीं, प्रत्येक माप १६ बिटांचें, आणि तेंहि डाव्या-उजव्या दोन्ही कानांसाठीं निरनिराळें. हें सर्व जसेंच्या तसें लिहिलें तर एका मिनिटास दहा मेगाबाइटांहून किंचित् अधिक जागा लागते. वेव्ह फाइल म्हणतात ती सामान्यतः ही. हें ध्वनीचें शुद्ध बाळबोध लिखाण होय; एक कानामात्राहि गाळलेली नाहीं.

पण बाळबोध लिहावयास वेळ लागतो आणि कागदहि लागतो. म्हणून आपल्या पूर्वजांनीं मोडी चालविली. जर्मनींतील एर्लांगेन येथें फ्राउनहोफर संस्थेंत कार्लहाइंत्स ब्रांडेनबुर्ग व त्यांचे सहकारी यांनीं ध्वनीची अशीच एक मोडी घडविली. तिच्या मानकाचें काम १९९२ त पुरें झालें, आणि १९९५ त तिच्या फाइलींस एमपी-थ्री हें नांव मिळालें. तिची युक्ति मोठी मार्मिक आहे. लग्नमंडपांत सनई-चौघडा वाजत असतां शेजारच्या बाईच्या बांगड्यांची किणकिण आपणांस ऐकूं येत नाहीं. ती असते, पण मोठ्या नादाच्या छायेंत झांकली जाते. तर मग जें कानाला ऐकूंच यावयाचें नाहीं तें लिहावें कशाला? असें गाळीत गाळीत एमपी-थ्री मूळ ध्वनीला अकराव्या हिश्शापर्यंत आणिते. एका सेकंदास १२८ किलोबिट हें प्रमाण धरलें तर एका मिनिटास सुमारें एक मेगाबाइट पुरतें. ३२० किलोबिट घेतले तर सुमारें अडीच.

मोडी वाईट, असें आम्ही म्हणत नाहीं. तिच्यावर राज्यें चाललीं. परंतु मोडींत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळीत नसत. वसुलाच्या कागदाला त्यावांचून अडत नसे. संस्कृत पोथी मात्र कोणी मोडींत उतरून घेत नसे, कारण तेथें एका मात्रेनें अर्थ आणि वृत्त दोन्ही बिघडतात. शिवाय मोडी कागदाची बाळबोध नक्कल केली म्हणून गेलेला ऱ्हस्व-दीर्घ परत येत नाहीं. नक्कल करणारा तो फार तर तर्कानें घालील. एमपी-थ्रीची फाइल उलट वेव्ह करून ठेविली तर जागा दसपट खाईल, पण गाळलेला नाद परत मिळणार नाहीं. आणि एका एमपी-थ्रीवरून दुसरी केली, तर दरवेळीं आणखी कांहीं गळतें.

आमची चूक येथेंच झाली. आमच्या मातुःश्री पहांटे भूपाळ्या म्हणत असत आणि देवपूजेच्या वेळीं स्तोत्रें. सन १९८७ च्या कार्तिकांत आम्हीं एका कॅसेटवर त्या दोन्ही बाजूंनीं मुद्रित केल्या. पुढें २००८ मध्यें आम्हीं एक गिगाबाइटचें छोटें यंत्र विकत घेतलें, आणि घरच्या सर्व कॅसेटी एका दुकानदाराकडून त्यांत उतरवून घेतल्या. "किती बारीक करूं?" असें त्यानें विचारिलें. आम्हीं काटकसरीचे, "जितकें अधिक मावेल तितकें बसवा" असें सांगितलें. त्यानें ६४ किलोबिटांचें प्रमाण धरिलें, आणि तीस-पस्तीस तासांचें गायन त्या आंगठ्याएवढ्या यंत्रांत बसलें. आम्हांला केवढा अभिमान वाटला! त्या दिवाळीच्या साफसफाईंत आम्हीं कॅसेटींचें खोकें भंगारवाल्याच्या स्वाधीन केलें. मातुःश्री २०११ त गेल्या.

त्यानंतर कित्येक वर्षांनीं तें ध्वनिमुद्रण चांगल्या हेडफोनवर ऐकिलें, तेव्हां आमचें अवसान गळालें. पूजेची घंटा वाजते तेथें पाण्यांत बुडबुडे फुटावेत तसा आवाज येतो. मातुःश्रींचे वर्ण अतिशय स्वच्छ असत; श आणि स यांची गल्लत त्यांनीं आम्हांस लहानपणीं कधीं करूं दिली नाहीं. आमचें संस्कृत तेथून सुरू झालें. आतां त्या फाइलींत ते दोन वर्ण एकमेकांत मिसळून नुसता सळसळाट होतो. आवाज मातुःश्रींचाच आहे हें ओळखूं येतें. पण ज्यानें आम्हांस घडविलें तें त्यांतून नेमकें गळलें आहे.

यावर उपाय त्या काळींहि होता, आम्हांस ठाऊक नव्हता इतकेंच. जॉश कोलसन यांनीं २००१ मध्यें फ्लॅक नांवाची लिपि प्रसिद्ध केली होती. ती कांहींच गाळीत नाहीं. पैठणी घडी घालून पेटींत ठेवावी तशी ध्वनीची घडी घालते. जागा साधारण निम्मी लागते, आणि घडी उलगडली कीं पदरावरचा मोरहि जागच्या जागीं. शिवाय फाइलींत ताळा पाहण्याची सोय असते. वैदिक मंडळी पदपाठ, क्रमपाठ, जटा, घन अशा निरनिराळ्या प्रकारांनीं तोच मंत्र म्हणून एकहि अक्षर ढळूं देत नाहींत. तसा फ्लॅकमध्यें मूळ ध्वनीचा एक ठसा नोंदलेला असतो, त्यावरून फाइल बिघडली आहे कीं काय तें संगणक सांगूं शकतो. हिला कोणास शुल्क द्यावें लागत नाहीं, आणि डिसेंबर २०२४ मध्यें इंटरनेटच्या मानकसंस्थेनें तिचें मानकहि प्रसिद्ध केलें आहे. ज्यांच्या घरीं ॲपलचा संसार आहे त्यांच्यासाठीं तशीच ॲलॅक नांवाची लिपि आहे. एकींतून दुसरींत उतरतांना कांहीं हानि होत नाहीं.

"मग सर्व कांहीं फ्लॅकमध्येंच ऐकावें काय?" असें कोणी विचारील. आम्हीं घरीं एक परीक्षा केली. आमच्या नातवानें एकच ख्याल फ्लॅकमध्यें आणि ३२० किलोबिटांच्या एमपी-थ्रीमध्यें, कोणता कोणता हें न सांगतां, आम्हांस दहा वेळां ऐकविला. आमचें उत्तर पांच वेळां चुकलें. म्हणजे आम्ही नाणें उडविलें असतें तरी चाललें असतें. साठी उलटलेल्या कानांस अतिबारीक स्वर ऐकूं येईनासे होतात, हा निसर्ग आहे. मात्र ६४ किलोबिटांचा नमुना लावतांच तंबोऱ्याची आंस विरली आणि टाळ-झांजा चरचरूं लागल्या. तो आम्हीं तत्काळ ओळखिला. तात्पर्य, फिरतांना ऐकावयास २५६ किंवा ३२० किलोबिटांची एमपी-थ्री पुरेशी आहे. जपून ठेवावयास मात्र फ्लॅक हवा. आपल्याला फरक कळत नाहीं म्हणून नातवंडांच्या वांट्याचें आपण कां गाळावें?

आतां यंत्राविषयीं. श्वशुरांजवळ चांगला फोन असेल आणि तो त्यांना सहज वापरतां येत असेल, तर निराळें यंत्र न घेतलें तरी चालेल. परंतु फोनवर मधेंच कोणाचा तरी निरोप येतो आणि अभंगाचा रसभंग होतो. वृद्ध माणसांना बटणांचें साधें यंत्र बरें वाटतें. घेतांना पुढील गोष्टी दुकानांतच पाहाव्या. यंत्र फ्लॅक वाजवितें काय? कार्ड घालतां येतें काय, आणि तें किती मोठें चालतें? कांहीं स्वस्त यंत्रें ३२ गिगाबाइटांपलीकडचें कार्ड वाचीत नाहींत. १२८ गिगाबाइटांचें चालत असेल, तर फ्लॅकमध्येंहि साडेतीनशें तासांच्या आसपास गायन मावेल. दोन तासांचें कीर्तन मध्येंच थांबविल्यास दुसऱ्या दिवशीं तेथूनच पुढें सुरू होतें काय? विलंबितामागून द्रुत येतांना मध्यें खंड पडत नाहीं ना? पडद्यावर देवनागरी अक्षरें नीट उमटतात, कीं नुसते चौकोन दिसतात? बटणें चष्म्यावांचून हातीं लागतात काय? आणि हेडफोनची तार लावण्याचें भोक आहे ना? ब्लूटूथवर वाटेंत ध्वनि बहुधा पुन्हां संक्षिप्त होतो, आणि कानांतलीं तीं बिनतारी बोंडें रोज चार्ज करावीं लागतात तीं वेगळींच. वेष्टनावरील २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ या आंकड्यांसाठीं अधिक पैसे मोजूं नयेत. ऐकण्यापुरती सीडीची प्रत पुरेशी आहे. शितावरून भाताची परीक्षा करावी. आपल्या ओळखीचें एक ध्वनिमुद्रण कार्डावर नेऊन तेंच लावून पाहावें.

कॅसेटी मात्र एकदांच, चांगल्या यंत्रावर, २४ बिटांत उतरवून फ्लॅकमध्यें ठेवाव्या. त्यांवरून यंत्रासाठीं एमपी-थ्री काढावी. फ्लॅकच्या दोन प्रती दोन निराळ्या घरीं असाव्या. आणि उतरवून झाल्यावरहि मूळ कॅसेटी टाकूं नयेत. हें शेवटचें वाक्य आम्ही दोनदां लिहिलें असतें तरी चाललें असतें.

गेल्या श्रावणांत आम्ही मिरजेस भगिनीकडे गेलों होतों. तिच्या कपाटांत शिवणाच्या डब्याखालीं एक कॅसेट निघाली. आम्हींच १९८७ त तिला सासरीं पाठविलेली ती नक्कल. आम्ही साफ विसरलों होतों. एका बाजूवर भाच्यानें केव्हां तरी सिनेमाचीं गाणीं भरलीं आहेत, दुसरी बाजू शाबूत आहे. ती आतां फ्लॅकमध्यें आहे. टेपेची खरखर आहे, पण घंटा घंटेसारखी वाजते, आणि श तो श, स तो स. पहिल्यांदा ऐकतांना भगिनी उठून आंत गेली ती बऱ्याच वेळानें बाहेर आली.

उरलेल्या अर्ध्या भूपाळ्या त्या ६४ किलोबिटांच्या मोडींतच राहिल्या. ती फाइल आम्हीं टाकली नाहीं, कीं तिचें रूपहि बदललें नाहीं; जशी आहे तशीच दोन्ही घरीं ठेविली आहे. मूळ पोथी गेली म्हणजे मोडीचा चिठोराहि जपावा लागतो. भगिनींनीं आपल्या श्वशुरांच्या कॅसेटी आधीं उतरवून घ्याव्या, इतकेंच आमचें सांगणें; यंत्र माघापर्यंत केव्हांहि मिळेल.