पालवी फुटली खरी, पण वीस बळींचे काय?

माढा हे नाव शहरी वाचकांच्या कानी पडते ते बहुधा पाच वर्षांतून एकदा, लोकसभेच्या उमेदवारीचा घोळ सुरू झाला की. एरवी पुणे-सोलापूर लोहमार्गावर कुर्डुवाडी मागे पडल्यावर येणारे हे एक लहानसे स्थानक. वेगवान गाड्या तेथे थांबत नाहीत. प्रस्तुत लेखकाचे बालपण या गावी गेले आणि महाराष्ट्राच्या रणजी संघावर जीव जडण्याचा आजारही तेथेच लागला. १९९२-९३ च्या हंगामात लुधियाना येथे महाराष्ट्र अंतिम सामन्यात पंजाबकडून १२० धावांनी हरला, ही बातमी दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून कळली. त्या दिवशी घरात मी सोडून कोणालाही वाईट वाटल्याचे स्मरत नाही.

आज हे आठवण्याचे कारण असे की, गेल्या काही हंगामांत या संघाविषयी आशेने बोलावे असे थोडेफार घडते आहे. चाहत्याची आशा ही तशी बेभरवशाची वस्तू. एक शतक झाले की तो करंडक घरी आणतो. तेव्हा ही आशा कितपत खरी आणि कोठे फसवी, हे एकदा आकड्यांच्या आधारे तपासून पाहावयास हरकत नाही.

प्रथम एक खुलासा आवश्यक आहे, कारण मुंबई-ठाण्याच्या वाचकांचा येथे हटकून गोंधळ होतो. क्रिकेटच्या नकाशावर आपल्या राज्यात तीन संघ आहेत: मुंबई, विदर्भ आणि या दोन्हींच्या बाहेर उरलेला तो महाराष्ट्र. पुणे, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर, सांगली, बीड, धाराशिव हा सारा मुलूख या तिसऱ्या संघाचा. मुंबईने २०२३-२४ मध्ये आपले बेचाळिसावे रणजी विजेतेपद मिळविले. महाराष्ट्राची विजेतीपदे दोन आणि तीही प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० व १९४०-४१ या लागोपाठच्या हंगामांतील. देवधर तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. त्यानंतर १९४८ च्या डिसेंबरात भाऊसाहेब निंबाळकरांनी पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विक्रम अवघ्या नऊ धावांवर असताना प्रतिस्पर्धी संघाने सामनाच सोडून दिला. हातातोंडाशी आलेला घास निसटणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राच्या चाहत्याला तेव्हापासून ठाऊक आहे.

१९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ अशा तीन अंतिम सामन्यांत पराभव पदरी आला. यांतील २०१३-१४ चा हंगाम आजही मनात घर करून आहे. केदार जाधवने त्या वर्षी १२२३ धावा काढल्या. उपांत्यपूर्व फेरीत मुंबईला वानखेडेवर, म्हणजे त्यांच्याच अंगणात, आठ गडी राखून हरविण्यात आले. चौथ्या डावात केदार आणि विजय झोल या दोघांनी तो विजय घरी आणला. पुढे हैदराबादच्या अंतिम सामन्यात कर्नाटक भारी पडले. त्याच्या पुढच्या हंगामातही संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला होता.

आणि मग उतार लागला. २०१४-१५ नंतर महाराष्ट्राचा संघ रणजीच्या बाद फेरीत एकदाही पोहोचलेला नाही. २०१९-२० मध्ये तर तो घसरून ‘क’ गटात खेळत होता. त्याच गटातून जम्मू-काश्मीर उपांत्यपूर्व फेरीत गेले, महाराष्ट्र गेला नाही. याच कालखंडात शेजारच्या विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असे तीनदा करंडक जिंकले. ज्या विदर्भाकडे एकेकाळी आम्ही ‘हक्काचे गुण’ म्हणून पाहत होतो, त्या विदर्भाने!

या पार्श्वभूमीवर सुधारणेची चिन्हे कोणती? मर्यादित षटकांच्या खेळात ती स्पष्ट दिसतात. २०२२ च्या विजय हजारे करंडकात महाराष्ट्र प्रथमच अंतिम फेरीत गेला. उपांत्यपूर्व सामन्यात उत्तर प्रदेशविरुद्ध ऋतुराज गायकवाडने एका षटकात सात षटकार मारून नाबाद २२० धावा केल्या, उपांत्य सामन्यात आसामविरुद्ध १६८ आणि अंतिम सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध १०८. तरीही सामना सौराष्ट्राने पाच गडी राखून जिंकला. २०२४-२५ मध्ये याच स्पर्धेत संघ पुन्हा उपांत्य फेरीत पोहोचला. उपांत्यपूर्व सामन्यात पंजाबला ७० धावांनी हरविले, त्यात सलामीच्या अर्शिन कुलकर्णीच्या १०७ धावा होत्या. हा अर्शिन सोलापूरचा.

सोलापूर जिल्ह्यातील वाचकाला या नावाचे अप्रूप वाटणे स्वाभाविक आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने पुण्याच्या संघाविरुद्ध ५४ चेंडूंत ११७ धावा केल्या. त्यांत तेरा षटकार होते. पुढे २०२४ च्या युवा विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध शतक झळकावले. त्याच विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावांची खेळी करून भारताला अंतिम फेरीत नेणारा सचिन धस बीडचा. त्याआधी २०२२ च्या विजेत्या युवा संघातील द्रुतगती गोलंदाज राजवर्धन हंगरगेकर तुळजापूरचा. सोलापूर, तुळजापूर आणि बीड ही तीन गावे एका दिवसाच्या एस.टी. प्रवासात ओलांडून होतात. पुण्यातील ठरावीक क्लबांच्या पलीकडे संघाची मुळे पसरू लागली आहेत, याचा याहून वेगळा पुरावा नको. माझ्या आशेचे पहिले कारण हे आहे. करंडक नव्हे.

२०२४ च्या जानेवारीत सोलापूरच्या पार्क मैदानावर, म्हणजे नूतनीकरण झालेल्या इंदिरा गांधी स्टेडियमवर, महाराष्ट्र विरुद्ध मणिपूर असा रणजी सामना झाला. सुमारे तीन दशकांच्या खंडानंतर या शहरात रणजी क्रिकेट आले आणि महाराष्ट्राने तो सामना डावाने जिंकला. मणिपूर हा काही बलाढ्य संघ नव्हे, हे मान्य. गंमत अशी की, त्या वेळी सोलापूरचा अर्शिन युवा संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेत होता. तथापि ज्या मुलांनी रणजी सामना म्हणजे भ्रमणध्वनीवरील आकडे एवढेच पाहिले होते, त्यांना सीमारेषेपाशी बसून गोलंदाजाच्या धापा ऐकता आल्या. माढ्याहून सोलापूर सकाळच्या गाडीने गाठता येते. गहुंजे येथील मैदान मात्र त्या मुलांच्या दृष्टीने मुंबईइतकेच दूर.

आता आशेची दुसरी बाजू. रणजी हा चार दिवसांचा खेळ. निर्णायक विजयाला सहा गुण, डावाने किंवा दहा गडी राखून जिंकल्यास सात. सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला तीन आणि दुसऱ्याला एक. आठ संघांच्या गटातून दोनच पुढे जातात. सात सामन्यांपैकी चार-पाच अनिर्णित ठेवून ही वाट पार होणे कठीण. जिंकायचे तर प्रतिस्पर्ध्याचे वीस बळी घ्यावे लागतात आणि महाराष्ट्राचे घोडे नेमके येथेच अडते.

२०२३ च्या जानेवारीतील ब्रेबॉर्नवरचा सामना आठवावा. मुंबईविरुद्ध महाराष्ट्राने ३८४ धावा केल्या, त्यात केदारच्या १२८. मुंबईचा पहिला डावही ३८४ धावांवरच संपला! बरोबरी! आघाडीचे तीन गुण दोघांच्याही हातून निसटले आणि बाद फेरीही दोघांची हुकली. एवढा चुरशीचा सामना आणि त्याचे फळ शून्य. दैवाला दोष देऊन आम्ही चाहते मोकळे झालो. पण ३८४ धावा हाती असताना मुंबईचा डाव थोडा आधी गुंडाळता आला असता, तर दैवाची गरजच पडली नसती.

हेच मर्यादित षटकांतही घडले. २०२२ च्या अंतिम सामन्यात २४८ धावांचे रक्षण झाले नाही. २०२४-२५ च्या उपांत्य सामन्यात विदर्भाने तीन गडी गमावून ३८० धावा कुटल्या. अर्शिनच्या ९० धावा झाल्या आणि ६९ धावांचा पराभवही झाला. चाहते बोलतात ते गायकवाडच्या सात षटकारांविषयी. धावफलकाच्या दुसऱ्या पानाकडे कोणी पाहत नाही.

विदर्भाचे उदाहरण येथे उद्बोधक ठरावे. त्यांच्या पहिल्या विजेतेपदाचे श्रेय चंद्रकांत पंडितांचे प्रशिक्षण आणि वसिम जाफरचा अनुभव यांना दिले जाते, ते योग्यच. पण करंडक आला तो रजनीश गुरबानीच्या ३९ बळींवर, अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याने साधलेल्या हॅट्ट्रिकवर. २०२४-२५ मध्ये करुण नायर कर्नाटकातून येऊन खोऱ्याने धावा करीत होता, तथापि हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम केला. बाहेरून फलंदाज आणला तरी चालतो. गोलंदाज घरचा लागतो, असा त्याचा सरळ अर्थ मी लावतो. हा अर्थ कोणाला घाईचा वाटेल, पण तीन करंडकांना उत्तर द्यायचे तर तेवढ्याच वजनाचे काही हाताशी हवे.

महाराष्ट्रानेही गेल्या दोन हंगामांत बाहेरून माणसे आणली. २०२४ मध्ये गुरबानीच विदर्भातून आला. २०२५ मध्ये मुंबईचा पृथ्वी शॉ आणि केरळकडून खेळणारा अष्टपैलू जलज सक्सेना आले. सक्सेनाच्या नावावर रणजीत सहा हजारांहून अधिक धावा आणि चारशेहून अधिक बळी आहेत. मात्र येताना त्याचे वय अडतीस होते. या भरतीचा परिणाम २०२५-२६ च्या पहिल्याच सामन्यात दिसला आणि दोन्ही अंगांनी दिसला. तिरुवनंतपुरमला केरळविरुद्ध एकही धाव फलकावर नसताना तीन गडी गेले, पाच धावांवर चौथा, अठरावर पाचवा. शॉ आणि अर्शिन दोघेही भोपळा न फोडता परतले होते. तेथून गायकवाडच्या ९१ आणि सक्सेनाच्या ४९ धावांनी डाव २३९ पर्यंत नेला. केरळला २१९ वर रोखून आघाडीही मिळाली. पूर्वीचा महाराष्ट्र अशा सकाळी शंभरीत आटोपला असता. पुढच्या सामन्यात चंडीगडविरुद्ध शॉने १५६ चेंडूंत २२२ धावा केल्या आणि संघ १४४ धावांनी जिंकला. हंगामाअखेरीस मात्र बाद फेरीतील आठ संघांच्या यादीत महाराष्ट्राचे नाव नव्हते.

घरचा गोलंदाज येणार कोठून? माझ्या मते माढ्यासारख्या गावांतून, आणि अडचणही तेथेच आहे. आमच्या भागात ऊस निघून गेलेल्या रानात, शाळेच्या पटांगणात मुले टेनिस चेंडूवर खेळतात. त्या चेंडूवर वेग येतो, खांद्यात ताकद येते. पण त्याला शिवण नसते, त्यामुळे मनगट सरळ ठेवून चेंडू शिवणीवर टाकण्याची सवय लागत नाही. सामने सहा-आठ षटकांचे, म्हणजे गोलंदाजाच्या वाट्याला फार तर दोन षटके. रणजीत त्याच मुलाला दिवसाला वीस षटके टाकावी लागतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहावे लागते. हे शिकायचे तर चामड्याचा चेंडू, हिरवळीची खेळपट्टी आणि दुखापत ओळखणारा जाणकार माणूस सतराव्या वर्षाच्या आत भेटावा लागतो. फलंदाज एखाद्या डावात चमकून निवड समितीच्या नजरेत भरतो. गोलंदाज घडायला वर्षे लागतात.

मुलींच्या क्रिकेटमधील एक कहाणी येथे सांगितली पाहिजे. किरण नवगिरे ही माळशिरस तालुक्यातील मिरे या गावची. माळशिरस हा माढा लोकसभा मतदारसंघाचाच भाग. पूर्वाश्रमीची ही मैदानी खेळाडू, गोळाफेक आणि भालाफेक करणारी. तिची फलंदाजी देशाने पाहिली ती २०२२ मध्ये आणि तीही नागालँडच्या संघाकडून खेळताना: अरुणाचल प्रदेशविरुद्ध ७६ चेंडूंत नाबाद १६२. त्याच वर्षी ती भारताकडून खेळली. पुढे वुमेन्स प्रीमियर लीगमध्ये बॅटवर धोनीचे नाव लिहून तिने फटकेबाजी केली, ती अनेकांना आठवत असेल. मग ती महाराष्ट्राकडे परतली आणि २०२५ च्या ऑक्टोबरात नागपूर येथे पंजाबविरुद्ध ३४ चेंडूंत शतक ठोकून महिलांच्या टी-२० क्रिकेटमधील सर्वांत वेगवान शतकाचा विश्वविक्रम केला.

मिरे गावच्या मुलीला देशाच्या नजरेत यायला ईशान्येचा वळसा घ्यावा लागला. ती परतली ही सुधारणा. पुढच्या मुलीला तो वळसा पडला नाही, तर त्या दिवशी मी ही आशा खरी मानीन.

परवा गावी गेलो असता पारावर मुलांना विचारले, महाराष्ट्राचा कर्णधार कोण? एकाने गायकवाड म्हटले, दुसऱ्याने मुंबई इंडियन्सच्या कर्णधाराचे नाव घेतले. अंकित बावणे हे नाव कोणालाच आठवले नाही. मात्र सोलापूरच्या अर्शिनविषयी विचारताच तो उजव्या हाताने खेळतो की डाव्या, गोलंदाजी कशी टाकतो, लखनौने त्याला कितीला घेतले होते, हे सारे त्यांनी एका दमात सांगितले. त्यांतला एक उंच, काटक मुलगा लांब धाव घेऊन चेंडू टाकत होता. चेंडू अर्थातच टेनिसचा होता.