आरोग्यविचार : कावीळ व पित्तमार्गांतील नळी

काविळीचें नांव निघालें कीं आपल्या घरांतून अजूनहि प्रथम तेल-तूप बंद होतें, आणि मग कोणी तरी ती 'उतरविणारा' शोधला जातो. तरुणांची साधी कावीळ पुष्कळदा आपोआपच बरी होते, म्हणून ह्या उतरविणाऱ्यांची कीर्ति टिकून आहे. परंतु उतारवयाच्या माणसाचे डोळे पोटांत न दुखतां पिवळे झाले, अंगास कंड सुटली, लघवी गडद व मल मात्र पांढुरका होऊं लागला, तर गोष्ट निराळी समजावी. चरकसंहितेंत कामलेच्या एका प्रकारांत मल वाटलेल्या तिळांसारखा होतो असें सांगून, पित्ताचा मार्ग कफानें अडणें हें त्याचें कारण दिलें आहे. निरीक्षण अचूक आहे. अडविणारा मात्र खडा किंवा गांठ असते, हें आज आपणांस दिसतें.

यकृतांतील पित्त ज्या नलिकेनें लहान आंतड्यांत उतरतें, ती शेवटीं स्वादुपिंडाच्या डोक्यामधून जाते. तेथील किंवा नलिकेच्याच कर्करोगानें ती चेपली, कीं पित्त रक्तांत परततें. रोग कापून काढणें शक्य नसेल, तर तोंडावाटे दुर्बीण उतरवून त्या अडथळ्यांतून एक पोकळ नळी बसवितात. हाच स्टेंट. (चार्ल्स स्टेंट हा एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज दंतवैद्य, दातांचे ठसे घेण्याच्या त्याच्या लगद्याचें नांव फिरत फिरत येथवर आलें. व्युत्पत्तीचा नाद आम्हांस सुटत नाहीं.) प्लॅस्टिकची नळी सुमारें ३ मिलिमीटर रुंदीची असते व बहुधा ३-४ महिन्यांत गाळानें बुजते, मग ती बदलावी लागते. धातूच्या जाळीची नळी आंत गेल्यावर सुमारें १० मिलिमीटरपर्यंत फुलते, अधिक टिकते, आणि महागहि पडते.

शस्त्रक्रिया होण्यासारखी असतां सर्वांसच आधीं नळी बसविणें हिताचें नव्हे. स्वादुपिंडाच्या डोक्याच्या कर्करोगासंबंधीं नेदरलँड्समधील जो प्रयोग २०१० सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत आधीं नळी घातलेल्यांपैकीं शेंकडा ७४ जणांस गंभीर उपद्रव झाले. लवकर थेट शस्त्रक्रिया झालेल्यांत शेंकडा ३९.

नळी बसली कीं कंड थांबते, अन्नाची रुचि परत येते, हळूहळू डोळे निवळतात, आणि घरच्या मंडळींस वाटतें, रोग गेला! रोग तेथेंच असतो. वाट तेवढी मोकळी झालेली असते. डॉक्टरांनीं हें बहुधा सांगितलेलें असतें. पण रोग्यास कळूं द्यावें कीं न द्यावें ह्या कुजबुजींत तो शब्दच घरांत कोणी उच्चारीत नाहीं. आमच्या मतें, रोगी विचारीत असेल तर त्यापासून लपवूं नये. मिळालेले महिने त्याचे आहेत. दूरच्या मुलीस बोलवावें, घराचे कागद नीट करावे, कीं आणखी उपचार घ्यावे, हें ठरविण्याचा अधिकारहि त्याचाच.

एक गोष्ट मात्र घरांतील सर्वांस ठाऊक असावी. थंडी वाजून ताप आला किंवा डोळे पुन्हा पिवळे दिसूं लागले, तर नळी बुजली असावी असें धरून त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. तापाच्या गोळीवर रात्र काढूं नये.