पायरी ही दुकानदाराची खासगी बाब आहे का? (थ्रेड)

१/ खामगावच्या किंवा चिखलीच्या पेठेत उभे राहून दुकानांच्या पायथ्याकडे पाहावे. रस्ता, मग नाली, नालीवर फरशी, तिच्यावर दोन-तीन पायऱ्या आणि मग गल्ला. माझे मामा तीनचाकी सायकल वापरतात. मागच्या वर्षी आपल्याच जिल्ह्यातील एका दुकानदाराने त्यांना चष्म्याच्या फ्रेमा रस्त्यावर आणून दाखविल्या. आरसा मात्र भिंतीत जडलेला असल्याने आतच राहिला. मामांनी चेहरा न पाहता फ्रेम निवडली आणि दुकानदाराचे आभारही मानले.

२/ याविषयी बोलू लागले की एक वाक्य हटकून ऐकू येते : "दुकान माझे, पायरी माझी. सरकारने आधी आपली कार्यालये सुधारावीत." इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे वाक्य फार ओळखीचे वाटते.

३/ वऱ्हाडात तर ते शोभतही नाही. १८७० साली खामगावला रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठी. पुढे १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने बाजार कोठे भरावा आणि त्यावर देखरेख कोणाची असावी, हे सरकारने ठरविले. व्यापार खासगी असला तरी बाजार सार्वजनिक असतो, हे तत्त्व आपल्या मातीत सव्वाशे वर्षे जुने आहे.

४/ आता प्रवेशाचा प्रश्न. १९२३ च्या बोले ठरावाने मुंबई इलाख्यात अस्पृश्यांना पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने खुले केले. पण सार्वजनिक पैशावर चालणारे तेवढेच. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला, आणि तरीही १९२७ साली डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. राज्यघटनेचा अनुच्छेद १५(२) मात्र दुकानाच्या दारापर्यंत पोहोचला : दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणाने कोणालाही मज्जाव नाही. "दुकान माझे" हा युक्तिवाद २६ जानेवारी १९५० रोजी निकालात निघाला.

५/ येथे एका शब्दापाशी थांबावेसे वाटते. या अनुच्छेदाच्या इंग्रजी मसुद्यात मज्जावासाठी 'डिसॅबिलिटी' हा शब्द आहे. बुलढाणा ज्या प्रांतात होता, त्या मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या १९४७ च्या कायद्याचे नावही अनुसूचित जातींच्या 'सिव्हिल डिसॅबिलिटीज' दूर करण्याचा कायदा असेच होते. म्हणजे डिसॅबिलिटी ही माणसाच्या अंगी नसून समाजाने त्याच्या वाटेत उभी केलेली गोष्ट, असे हे कायदे मानत होते. (जातीची बंदी आणि पायरीची बंदी यांना मी एका मापाने मोजत नाही. एकीत तिरस्कार होता, दुसरीत बहुधा बेफिकिरी असते. बाहेर राहणाऱ्याला मात्र दोन्हींत बाहेरच राहावे लागते.) पण १५(२) च्या यादीत शरीराच्या अपंगत्वाचा उल्लेख नाही.

६/ ती उणीव भरायला १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा आला आणि बोले ठरावाचीच मर्यादा घेऊन आला. इमारती व रस्ते सुगम करण्याची जबाबदारी त्याने शासन व स्थानिक संस्थांवर टाकली, तीही 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत'. खासगी दुकान मोकळेच राहिले.

७/ दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने ही पळवाट बुजविली. जिथे जनतेचा वावर आहे अशी व्यापारी इमारतही, खासगी असली तरी, त्याने 'सार्वजनिक इमारत' ठरविली. कलम ४४ : सुगमतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्याला बांधकाम परवानगी नाही, पूर्णत्वाचा दाखलाही नाही. कलम ४५ : जुन्या इमारतींना नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षे. नियम जून २०१७ चे. मुदत जून २०२२ मध्ये सरली. पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत दंड, पुढच्यांना पन्नास हजार ते पाच लाख.

८/ मग पायऱ्या जागच्या जागी कशा? एक कारण नियमांतच होते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरविला. कायदा सक्ती करीत होता आणि त्याखालचा नियम शिफारशी करीत होता. तीन महिन्यांत बंधनकारक नियम करा, असा आदेश झाला. रतुरी स्वतः दृष्टिबाधित. त्यांची याचिका २००५ ची होती.

९/ दुकानदारांचा एक आक्षेप खरा आहे. उताराचे प्रमाण १:१२. म्हणजे तीन फूट उंचीला छत्तीस फूट उतार. जुन्या पेठेत तो थेट समोरच्या दुकानात शिरेल. पण नाली नगरपरिषदेची, रस्ताही तिचाच. एकेका दुकानदाराला न जमणारे काम सगळ्या ओळीला मिळून एक सलग ओटा आणि टोकाला एक उतार बांधून होऊ शकते. जिथे एकच पायरी आहे तिथे उचलून ठेवता येणारी लोखंडी पाटी पुरते. आणि गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या नव्या संकुलांना जागेची ही सबब कशी चालावी? त्यांचे आराखडे या कायद्यानंतर मंजूर झाले आहेत.

१०/ म्हणून माहितीच्या अधिकारात जिल्ह्यातील प्रत्येक नगरपरिषदेला मी एकच प्रश्न पाठवीत आहे : १९ एप्रिल २०१७ पासून आजवर कलम ४४ खाली किती आराखडे नाकारले आणि किती पूर्णत्वाचे दाखले रोखले? उत्तरे येतील तशी याच थ्रेडखाली जोडीन. आपल्या गावासाठी हाच अर्ज कोणाला करावयाचा असेल, तर मजकूर अवश्य मागावा.