अर्ज मुलीचा, पासवर्ड कोणाकडे?

अकरावीचा प्रवेश असो की शिष्यवृत्ती, अर्ज आता ऑनलाइनच. अनेक घरांत तो सायबर कॅफेवाला भरतो. मोबाइल नंबरही कधीकधी तोच आपला टाकतो. मग ओटीपी त्याच्या फोनवर, पासवर्ड त्याच्या वहीत. अर्जात त्रुटी निघाल्याचा संदेश घरी पोहोचत नाही आणि दुरुस्तीची मुदत निघून जाते.

म्हणून नववीच्या संगणक तासाला मी हीच कामे मुलामुलींच्या हातून करून घेते: स्वतःचा ईमेल उघडणे, कागद स्कॅन करून पीडीएफ बनवणे, फाइलला नाव देऊन फोल्डरमध्ये ठेवणे. रील पाहून हे येत नाही.

आणखी एक. ‘मोहम्मद’चे इंग्रजी स्पेलिंग आधारवर एक, दाखल्यावर दुसरे असेल, तर संगणकाला ती दोन माणसे वाटतात. नववीतच कागद ताडून पाहा. दहावीनंतर दुरुस्तीला धावपळ होते.

अम्मी-अब्बूंना विनंती, अर्जात नंबर घरचाच द्या. भावाला मिळतो तसा फोन बहिणीलाही तासभर द्या. तिचा अर्ज तिलाच भरू द्या. कॅफेत जावेच लागले, तर पासवर्ड तिनेच टाकावा आणि उठण्यापूर्वी लॉगआउट करावे. पासवर्ड ही तिची अमानत आहे.